ट्रॉली बनवायला टाकण्याआधी पिनेची मापं घ्या

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत तयार होणारा ट्रॅक्टर मिलिमीटरच्या हिशेबानं बनतो. त्याच्यामागे लागणारी ट्रॉली मात्र तालुक्याच्या वेल्डिंग वर्कशॉपमध्ये होते. तिथे साधारण दोनच प्रश्न विचारले जातात: साटा (माल भरायची पेटी) किती फुटी आणि टायर नवे की जुने. दहा बाय सहा सांगितलं की चॅनल कापायला सुरुवात. ट्रॅक्टर कोणता, त्याची ट्रॉली जोडायची पिन मागच्या एक्सलपासून किती लांब, जमिनीपासून किती उंच, मागची चाकं किती रुंदीवर बसवली आहेत, हे कोणी विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. पुढे काटोल-नरखेडच्या पांदणीत वळताना साट्याचा कोपरा टायरला लागतो, नाल्याच्या चढावर ट्रॅक्टर पुढून हलका होतो, उतारावर ट्रॉली ढकलते. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ पिनेजवळच्या चार मापांत असतं. पिनेपासून टायर, पिनेपासून साटा, पिनेची उंची आणि पिनेवरचं वजन. इथे विचार दोन चाकी ट्रॉलीचा आहे, कारण आपल्याकडे संत्रा, कापूस, शेणखत, कुटार (भुसा) सगळं तिच्यातूनच जातं.

आधी वळणाची गोष्ट. ट्रॅक्टर वळतो तेव्हा ट्रॉली पिनेभोवती फिरते. म्हणजे टायरचा जो भाग पिनेपासून सगळ्यात लांब मागे-बाहेर येतो, त्याच्या पलीकडे साट्याची पुढची कड असली पाहिजे. ४५ एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला १४.९-२८ चा मागचा टायर धरू. उंची जवळपास साडेचार फूट, म्हणजे एक्सलच्या मध्यापासून टायरची मागची कड २७ इंचांवर. पिनही बहुतेक २८ इंचांच्या आसपास मागे असते. दोन्ही जवळजवळ एका रेषेत आले. चाकांची रुंदी मध्यापासून मध्यापर्यंत ५६ इंच असेल, तर टायरची बाहेरची कड ट्रॅक्टरच्या मधल्या रेषेपासून साडेपस्तीस इंचांवर पडते. म्हणजे पिनेपासून टायर तीन फूट. यात सहा इंच मोकळे धरा, तर पिनेपासून साटा किमान साडेतीन फूट हवा.

पण पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या ओळींसाठी कोणी मागची चाकं ६८ इंचांवर नेली, की तेच टायर पिनेपासून साडेतीन फुटांवर जातं आणि सहा इंचांची मोकळीक संपते. वर्षभर नीट चाललेली ट्रॉली एकाएकी टायर कापू लागते, तेव्हा दोष ट्रॉलीला दिला जातो. बदललेली असतात चाकं. म्हणून ट्रॉली नवी बनवत असाल, तर तुमच्या ट्रॅक्टरची चाकं जास्तीत जास्त जेवढी बाहेर जाऊ शकतात, त्या रुंदीवर माप घ्या. पिनेपासून साट्यापर्यंतची दांडी चार फूट असली की बहुतेकांना पुरते. साडेचार केली तरी बिघडत नाही, फक्त अरुंद पांदणीत ट्रॉली आतून जास्त कापते आणि धुऱ्यावर (बांधावर) चढते. लांब दांडीची किंमत ती एवढीच.

साटा मोकळा असूनही दांडी टायरला लागते, हा वेगळा प्रकार. दांडीचे दोन चॅनल पिनेपासूनच फाकत नेऊन थेट साट्याच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडले, तर दांडी दिसायला मजबूत वाटते. चार फुटांत सहा फूट फाकलेली अशी दांडी सरळ रेषेपासून ५५-६० अंश वळली की तिची बाजू टायरवर येते. दांडी पिनेपासून निदान तीन फूट अरुंद आणि सरळ ठेवून मग फाकवली, तर ट्रॅक्टर जवळजवळ काटकोनापर्यंत वळू शकतो. कारागीर म्हणेल की अशानं दांडी कमजोर होते. होते, पण त्याला उपाय आहे: अरुंद भागात दोन्ही चॅनल खालून-वरून पट्टी मारून बंद करून घ्या, आणि दांडी साट्याच्या पुढच्या आडव्या चॅनलवर न संपवता खालून निदान दुसऱ्या आडव्या चॅनलपर्यंत नेऊन वेल्ड करा. दांड्या तुटतात त्या बहुतेक साट्याच्या पहिल्या जोडापाशीच, कारण सगळा हिसका तिथे एका रेषेत येतो.

मापं सपाट अंगणात घेतली जातात आणि ट्रॉली चालते नाल्यातून, हे विसरू नका. ट्रॅक्टरची मागची चाकं खोलगटातून वर चढायला लागली आणि ट्रॉली अजून अलीकडच्या उतारावर असली, की दोघांमधला कोन वरून मिटतो. पिनेपेक्षा तीन फूट उंच असलेली फाळक्याची (साट्याच्या पुढच्या भिंतीची) वरची कड दहा अंशांच्या फरकानं सहा इंचांहून जास्त पुढे येते. वीस अंशांना फूटभर. मडगार्ड, मागचे दिवे, सीटच्या मागे अडकवलेली पाण्याची कॅन, जे काही तिथे असेल त्याला ती भिडते. वरून कुटार भरलेलं असेल तर विचारूच नका. साट्याच्या पुढे दीड फूट लोंबणारं कुटार म्हणजे तुमची दांडी दीड फूट आखूड झाली असंच समजा. कुटार मागे लोंबवलं तरी ते हलकं असल्यानं तोल फारसा जात नाही (मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले जातात, ते मात्र बघावं लागतं). पुढे लोंबवायचं नाही.

आणखी एक नेहमीची चूक: ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टचे खालचे दोन हात तसेच लोंबकळत सोडणे. वळताना दांडी हातावर येते, हात वाकतो किंवा त्याचा बॉल निघतो, आणि दोष हायड्रॉलिकवर जातो. ट्रॉली स्वतंत्र हुकला लावली असेल तर हात वर उचलून साखळीनं बांधून टाका, लिफ्टच्या भरवशावर ठेवू नका. इंजिन बंद झाल्यावर ते हळूहळू खाली येतात. ट्रॉली भोकांच्या आडव्या पट्टीला लावली असेल, तर पट्टी वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलणार नाही अशी स्टेनं घट्ट केलेली हवी, आणि पिन मधल्याच भोकात. बाजूच्या भोकात लावलेली ट्रॉली तिरपी ओढली जाते, शिवाय एका बाजूचं टायर लवकर गाठते.

आता पिनेची उंची. बहुतेकांना वाटतं की हुक वर घेतला तर दांडी सरळ दिसते आणि ओढ चांगली मिळते. प्रत्यक्षात मागचं चाक जमिनीला मागे रेटतं, ट्रॉली पिनेला मागे ओढते, आणि पिन जमिनीपासून जितकी वर तितकी ही ओढ ट्रॅक्टरला मागच्या चाकांवर उताणा पाडायला बघते. हिशेब मांडूनच बघू. ट्रॅक्टर २००० किलो, त्यातले पुढच्या चाकांवर ७६० किलो. दोन एक्सलमधलं अंतर ७७ इंच. ट्रॉली मालासकट ४००० किलो, आणि पिनेवर तिचं ५७० किलो वजन. नाल्यातून दहाला एक असा कच्चा चढ चढायचा आहे, म्हणजे ओढ सुमारे ६०० किलोंची.

पिनेवरचं ५७० किलो वजन एक्सलच्या मागे २८ इंचांवर आहे, त्यामुळे पुढून २०७ किलो कमी झाले. चढामुळे ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मागे सरकलं, त्याचे ७८. पिन १८ इंच उंचीवर असेल तर ओढीमुळे आणखी १४०. पुढे उरले ३३५ किलो, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या १७ टक्के. स्टीअरिंग हातात राहायला पुढच्या चाकांवर निदान २० टक्के वजन असावं, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे १८ इंचांवरच आपण काठाच्या खाली आहोत. तीच पिन २७ इंचांवर नेली की उरतात २६५. आणि चिखलात फसलेली ट्रॉली काढायला कोणी साखळी थेट लिफ्टच्या वरच्या लिंकच्या ब्रॅकेटला बांधली, साधारण ४० इंचांवर, तर १६३ किलो. हा झाला संथ ओढीचा आकडा. त्यात क्लच झटक्यानं सोडला की पुढची चाकं जमिनीवर राहत नाहीत. ट्रॅक्टर उभा व्हायला लागल्यापासून परत फिरता न येण्याच्या अवस्थेला पोचायला सेकंदभरही लागत नाही. वरच्या लिंकला बांधून काहीही, कधीही ओढू नये. पुढून उचलल्याची जाणीव होताच क्लच दाबायचा. ब्रेकचा इथे उपयोग नाही, चाक थांबलं तरी इंजिनाचा जोर सुरूच राहतो.

यावर लोकांचा आवडता उपाय म्हणजे मागच्या टायरमध्ये पाणी भरणं. व्हॉल्व्ह वर ठेवून, व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे पाऊण टायर, एका चाकात दीड-दोनशे लिटर. काळ्या मातीत चाक घसरत असेल तर याचा फायदा नक्की आहे. पण ते वजन मागच्या एक्सलवर पडतं, पुढच्या चाकांवर त्यातलं काहीच येत नाही. उलट मागची पकड वाढल्यानं आधी जे चाक जागेवर फिरून गेलं असतं, ते आता धरून ठेवतं आणि ट्रॅक्टर उभा करायला मदत करतं. पुढून उचलतो म्हणून मागे पाणी भरणं म्हणजे उलटा कारभार. पुढच्या एक्सलच्या दोन फूट पुढे लावलेलं १०० किलोंचं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) वजन पुढच्या चाकांवर १३० किलोंचं काम करतं. तरीही सगळ्यात स्वस्त उपाय वजनं नाहीत, ट्रॉलीचा एक्सल योग्य जागी बसवून घेणं आहे.

दहा फुटी साटा, चार फूट दांडी. साट्याचा मध्य पिनेपासून नऊ फुटांवर. एक्सल साडेदहा फुटांवर बसवला, तर एकूण ४००० किलोंपैकी सुमारे ५७० किलो पिनेवर येतात. एक्सल दहा फुटांवर घेतला तर ४००. साडेनऊवर घेतला तर २१० च. अर्धा फूट सरकवलं की पावणेदोनशे-दोनशे किलोंचा फरक, आणि वर्कशॉपमध्ये हे अर्धा फूट नजरेनं ठरतं! वरच्या चढाच्या हिशेबात पिनेवर ५७० ऐवजी ४०० किलो धरले, तर पुढच्या चाकांवर ३९७ उरतात, म्हणजे जवळजवळ वीस टक्के. म्हणून या मापाच्या ट्रॉलीला एक्सल पिनेपासून दहा फुटांवर, म्हणजे साट्याच्या मध्यापासून फूटभर मागे हवा. पिनेवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, पंधराच्या वर जाऊ देऊ नका. पाचच्या खालीही नको. तेव्हा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ट्रॉलीचं वजन मिळत नाही, ती घसरतात, आणि डांबरी रस्त्यावर ट्रॉली शेपटी हलवायला लागते.

कागदावरचा एक्सल बरोबर असला तरी माल भरणारा तो बिघडवू शकतो. रेती-मुरूम ओला असेल तर जेसीबीनं पहिलं बकेट जिथे टाकलं तिथेच ढीग राहतो. संत्र्याची क्रेटं ट्रॉलीत नीट लागतात, पण उतरवताना घोटाळा होतो. पुढची आधी काढली आणि मागे दीड टन राहिलं, तर वरच्या मापाच्या ट्रॉलीत पिनेवरचं वजन उलटं होतं. दांडी सव्वाशे किलोंनी वर रेटू लागते. अशा अवस्थेत कोणी पिन काढली तर दांडी उसळून हनुवटीवर येईल. माल नेहमी मागून पुढे उतरवा, आणि अर्धा माल एका ठिकाणी देऊन कळमन्याच्या बाजारात जायचं असेल, तर उरलेली क्रेटं एक्सलवर आणि थोडी पुढे सरकवून मगच निघा.

पिनेवर खरोखर किती वजन येतं हे कळायला अंदाजाची गरज नाही, धरमकाट्यावर अर्ध्या तासाचं काम आहे. आधी नुसता ट्रॅक्टर तोला. मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टरची चारही चाकं काट्यावर आणि ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर, अशी गाडी उभी करा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे पिनेवरचं वजन. मग थोडं मागे घेऊन फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं काट्याच्या टोकावर ठेवा. तो आकडा ट्रॅक्टरच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून कमी असेल, तर सपाटीवरच अशी स्थिती आहे म्हटल्यावर चढावर काय होईल ते समजून घ्या. शेवटी सगळी गाडी एकदम. काट्याची पाटी आणि बाहेरची जमीन एका पातळीत असलेला काटा निवडा, आणि तोलताना ब्रेक सोडून ठेवा, नाहीतर आकडे भरकटतात. रेतीचा अंदाज हवा असेल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ते साडेचार ते पाच टन भरतं. दहा बाय सहा बाय दोनच्या साट्यात काठोकाठ १२० घनफूट मावतं. काठोकाठ भरलेली ओली रेती म्हणजे वर धरलेल्या मालाच्या जवळपास दुप्पट.

चार चाकी ट्रॉलीत पिनेवर वजन येत नाही, त्यामुळे पुढून उचलण्याचा त्रास निम्मा होतो. पण ती मागे घेणं वेगळीच विद्या आहे, कारण सांधे दोन, आणि ब्रेक नसेल तर ढकलण्याची ताकदही जास्त.

ब्रेकचं गणित तर लोक करतच नाहीत. ब्रेक लागतो फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना, थांबवायचे असतात सहा टन. कोरड्या डांबरावर ताशी २५ च्या वेगानं एकटा ट्रॅक्टर, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद धरून, तेरा-चौदा मीटरमध्ये थांबतो. भरलेली ट्रॉली मागे असेल तर वीस-एकवीस मीटर. गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर तीसच्या वर. त्याच गिट्टीवर दहाला एक उतार असेल, तर चाकांची सगळी पकड उतार झेलण्यातच खर्च होते आणि थांबायला जवळजवळ काहीच उरत नाही. गिअर खालचा टाका म्हणतात ते याचसाठी, पण त्यातली मेख लक्षात घ्या. इंजिनाचा ब्रेकही त्याच दोन चाकांतून लागतो, म्हणून पकड त्यानं वाढत नाही. फायदा एवढाच की वेग मुळात वाढू दिला जात नाही. त्यासाठी गिअर उताराच्या आधी टाकलेला हवा. उतारात मध्येच गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर न्यूट्रलमध्ये सहा टन सुटले. डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी रस्त्यावर कायम लावलेली असावी. वखरणी झाल्यावर ती लावायची राहते, आणि मग एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी घेऊन जाते. वारंवार चार टनांच्या वर ओढत असाल तर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बसवून घ्याच. ट्रॉलीच्या पैशात चांगल्या फाळक्यांवर आणि रंगावर खर्च करणारे खूप आहेत, ब्रेकवर करणारे फार थोडे.

पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणं बंद करा. त्याला डोकं नसतं, दातेरी असल्यानं ती भोक घासते, आणि वाकली की निघत नाही. डोकं असलेली पिन वरूनच घालायची, खाली क्लिप. पिन मधोमध घासून कंबर पडली की बदलायची, आणि दांडीचा डोळा लांबट झाला असेल तर नुसती जाड पिन घालून भागत नाही, बुश बसवून घ्यावा लागतो. ढिलं भोक प्रत्येक खड्ड्याला हातोडीसारखं ठोकतं. पिन निघालीच तर दांडी जमिनीत रुतू नये म्हणून दोन साखळ्या दांडीच्या खालून फुलीनं घाला. पूर्ण वळणात ताणल्या जाऊ नयेत इतक्या लांब, जमिनीला लागू नयेत इतक्या आखूड. दांडीवर माणूस बसवायचा नाही, मग वावर कितीही जवळ असो.

दिव्यांची तक्रार बहुतेक वेळा अर्थिंगची असते. डावा इंडिकेटर लावला की मागचे लाल दिवेही मंद लुकलुकतात, याचा अर्थ बल्ब गेला असा होत नाही. ट्रॉलीचं अर्थिंग गंजलेल्या पिनेतून परत जातंय. सात पिनी सॉकेटमधून अर्थिंगची स्वतंत्र वायर चॅसीपर्यंत न्या आणि ती रंग खरवडून बोल्टखाली आवळा. रिफ्लेक्टिव्ह टेप मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. ट्रॉलीची नोंदणी आणि विमाही वेगळा लागतो, कायद्यानं तीही वाहनच आहे.

सोडताना सपाट जागा, ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग दांडीखाली स्टँड. काळ्या मातीत स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवा, नाहीतर रात्रीच्या पावसात तो रुततो आणि सकाळी डोळा हुकच्या खाली गेलेला असतो. पिनेवर भार असताना ती हातोडीनं काढू नका. स्टँड दोन आटे वर घ्या किंवा ट्रॅक्टर बोटभर मागे रेटा, पिन हातानं निघते. टिपर ट्रॉली असेल तर पाइप काढण्याआधी लिव्हर खाली करून दाब सोडा, आणि पाइपचं तोंड दांडीवरच्या टोपीत घालून ठेवा. त्यात गेलेली चिमूटभर माती पुढच्या वेळी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये जाते.